कॅलेंडरची पानं जपून ठेव

चि. सौ. सोनूस,



परवा फोनवर तू हसत हसतच सांगितलंस, पण शेवटी तुझा आवाज बसला तो मला ऐकू आला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "मिस्टर मिल्ट्रीत आहेत ना?" तू म्हणालीस, "टी.ए.त आहेत." त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे पर्मनंट नाहीत." तुला पुढं काही बोलायचं सुचलं नाही. रात्री अंथरुणावर पडले तरी तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून आज दुपारी भांडी तशीच ठेवून लिहायला बसले. फोनवर बाळ रडतं, कुकर वाजतो आणि निम्मं सांगायचं राहून जातं. हे पत्र मात्र ट्रंकेत ठेवता येईल.

मलाही हे ऐकावं लागलंय गं. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात फौजीला केवढा मान! शिरोळकडच्या सैनिक टाकळीचं तर गावाच्या नावातच सैनिक आहे. तरीही तुझे काका सुट्टीवर आले की पारावर कोणीतरी म्हणायचंच, "हा आपला वर्षातनं दोन महिन्यांचा फौजी." काका हसून सोडून द्यायचे. मला सोडता यायचं नाही. ज्या हिवाळ्यात ते काश्मीरमध्ये पोस्टवर होते, त्या हिवाळ्यात शेजारच्या बंकरमधला जवान पर्मनंट होता. दोघांची थंडी एकच आणि पहाऱ्याचे तासही तेवढेच. गोळी समोरून येते ती कुणाची नोकरी कसली हे विचारत नाही.

उद्या तुला पुन्हा कोणी विचारलं, तर नीट सांगता यावं म्हणून लिहिते. टी.ए. म्हणजे प्रादेशिक सेना, तिचा कायदा 1948 चा आहे. 9 ऑक्टोबर 1949 ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. ज्याचा पोटापाण्याचा दुसरा उद्योग आहे, त्यानं तो सांभाळून वर्षाला शिबिर करायचं आणि देशाला गरज पडली की वर्दी चढवायची, अशी ती रचना. '62, '65, '71 या तिन्ही लढायांत टी.ए.ची माणसं होती, श्रीलंकेला गेली होती, आणि काश्मीरमध्ये तर वर्षानुवर्षं आहेत. कोल्हापुरात मराठा लाइट इन्फंट्रीची 109 बटालियन आहे, पुण्यात 101 आहे. हे बाईंना शांतपणे सांग, भांडू नकोस. त्यांना माहीत नाही एवढंच.

आणि हे तर तुझ्यासमोरच घडलंय. 2025 च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि 9 तारखेला टीव्हीवर बातमी आली, की टी.ए.ला बोलावण्याचे अधिकार सरकारनं लष्करप्रमुखांना दिले, 32 पैकी 14 इन्फंट्री बटालियन एम्बॉडी करायला, म्हणजे पूर्णवेळ सेवेत बोलावून घ्यायला, मंजुरी मिळाली, आणि हा आदेश 9 फेब्रुवारी 2028 पर्यंतचा. दिवसभर टीव्हीवर धोनीचे नि मोहनलालचे गणवेशातले फोटो दाखवत होते. मी बघत बसले होते आणि मला तू आठवत होतीस, सहा महिन्यांची पोटुशी, कळंबोलीत एकटी. धोनीच्या फोटोखाली कुणी असं लिहिलं नव्हतं, की याच बटालियनांमधला एखादा गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो, एखादा ऊस लावतो, आणि त्यांच्या घरी आज बॅग भरणं चाललंय. म्हणूनच आपल्या घरांबद्दल आपणच बोलायला पाहिजे, असं मला दिवसेंदिवस जास्तच वाटायला लागलंय.

आता मुख्य सांगते. सोनू, दिवस लिहून ठेव.

माझ्याकडं निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे, तू बघितली असशील, कोपऱ्याला हळदीचा डाग आहे. त्या वहीचा जन्म कसा झाला ते तुला कधी सांगितलं नाही. काका टी.ए.तून सुटून घरी येऊन वर्ष झालं तरी पेन्शनचं काही होईना. मी त्यांच्याबरोबर एका कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी फाइल उघडली, बोटांवर हिशोब केला आणि म्हणाले, "पंधरा वर्षं भरत नाहीत. अकरा महिने कमी पडतात." काकांनी मान खाली घातली. ज्या माणसानं कधी कुणासमोर मान खाली घातली नव्हती, तो लाकडी बाकावर बसून स्वतःच्या चपलांकडं बघत होता. मी विचारलं, "साहेब, यांनी तर एकवीस वर्षं काढली." ते म्हणाले, "काढली असतील हो बाई. पण एम्बॉडी किती होते ते धरतात, घरी होते ते नाही."

नियम तसाच आहे, त्यात साहेबांचं काही चुकलं नव्हतं. टी.ए.च्या जवानाला पेन्शनसाठी पंधरा वर्षांची एम्बॉडी सेवा लागते, अधिकाऱ्याला वीस. मधे मधे घरी पाठवतात, त्या फटी पडल्या म्हणून आधीची सेवा वाया जात नाही, तुकडे जोडून घेतात. पण फटीतले दिवस मोजत नाहीत. म्हणजे कोणत्या तारखेला बोलावलं आणि कोणत्या तारखेला सोडलं, या दोन तारखांवर अख्ख्या म्हातारपणाची भाकरी. आणि त्या तारखा आम्ही कुठंच लिहिल्या नव्हत्या!

त्या रात्री मला झोप आली नाही. पहाटे उठले आणि माळ्यावरची जुनी कालनिर्णय खाली काढली. आई म्हणायची, कॅलेंडर टाकू नये, मागचं दुधाचं खातं त्यातच असतं. मी दूध घालायचे तेव्हा लिटरचे आकडे चौकोनात लिहायचे, आणि काका गेले त्या दिवशी चौकोनाला गोल काढायचे. आले की फुली. काही नाही, मनाला बरं वाटावं म्हणून. जमिनीवर पानं पसरली नि एकेक गोल-फुली वहीत उतरवत गेले. उजाडेपर्यंत कळलं, की 2001 च्या डिसेंबरात गेलेले काका पुढच्या वर्षी दिवाळीच्या आसपास आले, आणि तो अख्खा तुकडाच फाइलीत नव्हता.

कॅलेंडर हा काही पुरावा नव्हे. पण कुठला कागद हरवलाय ते त्यानं दाखवलं. युनिटला पत्र घातलं, तारखा दिल्या, आदेशाचा संदर्भ मागितला. चार महिन्यांनी सही-शिक्क्याची नक्कल आली. काकांनी ती नक्कल देवापुढं ठेवली नाही, माझ्या हातात दिली.

तर तू आजच वही कर. पहिल्या पानावर जावईबापूंचा नंबर, युनिट, भरतीची तारीख. पुढं प्रत्येक बोलावण्याचा आदेश क्रमांक, गेल्याची तारीख, सुटल्याची तारीख, शिबिराची तारीख. ते सुट्टीवर येतील तेव्हा त्यांच्याकडून आदेशाच्या झेरॉक्स घे, मोबाइलवर फोटोही काढून ठेव. नवऱ्याच्या नोकरीत नाक खुपसतेय असं वाटून घेऊ नकोस. तिकडं त्यांना रायफल सांभाळायची आहे, इकडचे कागद तूच सांभाळायचे.

आणि पार्ट टू ऑर्डर! लग्न झालं, बाळ झालं, की युनिटला कळवून त्याची पार्ट टू ऑर्डर निघावी लागते. ती निघाली नाही तर फौजेच्या दप्तरात तू त्यांची बायको नाहीस आणि आपला गुलाम त्यांचा मुलगा नाही, मग आधार कार्डावर काहीही असो. मी एक घर बघितलंय, इथून दोन गावं पलीकडं. त्या घरातला जवान गेला तेव्हा दप्तरात नॉमिनी म्हणून आईचंच नाव होतं, लग्नाआधीचं. सासू-सून दोघी चांगल्या, पण दोन वर्षं त्या दोघींना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, कोण कशाला हक्कदार हे ठरवायला. दुखवट्यातच एकमेकींच्या समोर उभं राहावं लागलं त्यांना. मला अजून ते आठवलं की पोटात कालवतं. तुझ्या लग्नाची नोंद झाली हे तू मागं बोलली होतीस. बाळाचं काय झालं ते तू सांगितलं नाहीस.

'माजी सैनिक' या शब्दाचंही असंच आहे. पर्मनंट फौजेतून पेन्शनवर आलेल्याला तो शब्द आपोआप मिळतो. टी.ए.वाल्याला मात्र एम्बॉडी सेवेचं पेन्शन असलं, किंवा सेवेमुळं अपंगत्व आलं, किंवा शौर्यपदक मिळालं, तरच मिळतो. घरपट्टीच्या सवलतीपासून पोरांच्या वसतिगृहापर्यंत कितीतरी गोष्टी त्या एका शब्दावर अडतात. चौदा वर्षं एम्बॉडी राहून घरी आलेल्याच्या हातात काय? मला हे पटत नाही, आणि मी ते जिथं संधी मिळेल तिथं बोलते. तू पण बोल.

बोलून काय होतं, असं तू म्हणशील. काही वेळा होतं. उत्तराखंडातला एक जवान, फौजेत पंचवीस वर्षं काढून पुन्हा टी.ए.च्या इको बटालियनमध्ये लागला, झाडं लावणारी बटालियन असते ती, आपल्या संभाजीनगरलाही आहे. सुट्टीवर जाताना अपघात झाला आणि पाय गेला. अपंगत्वाचं पेन्शन मागितलं तर सांगितलं, की भरतीच्या वेळी हे मिळणार नाही असं तूच लिहून दिलंयस. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला, की नोकरीसाठी आलेल्या माणसाकडून असं लिहून घेतलं म्हणून त्याचा हक्क संपत नाही. मी ते वर्तमानपत्रात वाचलं आणि कात्रण वहीत चिकटवलं. तुझ्याकडून किंवा जावईबापूंकडून कोणी कशावर सही घेत असेल तर आधी वाचा, समजत नसेल तर कुणाला तरी विचारा.

आता कंपनीचं. जावईबापू ज्या कंपनीत होते त्यांना बोलावण्याची प्रत लेखी दिलीय ना? पोच घेतलीस ना, शिक्का मारून? नुसतं सुपरवायझरला व्हॉट्सॲप करून भागत नाही. बोलावण्यावरून परत आलेल्या माणसाला कामावर परत घ्यायचं, ही गोष्ट टी.ए.च्या कायद्यातच आहे. आम्हाला ते ठाऊक नव्हतं. काका जिथं कामाला होते तिथं दोन वर्षांनी परत गेले, तर त्यांच्या जागी दुसरा बसला होता. मालक तोंडानं गोड होते, चहा पाजला, "जागा झाली की कळवतो" म्हणाले. काका चहा पिऊन घरी आले. मग ऊस, म्हशी आणि माझं शिलाई मशीन. कायद्याचं मला सहा वर्षांनी कळलं, तेव्हा उशीर झाला होता. तुझ्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही मला.

आणखी एक लिहायचं की नको, असा विचार केला. लिहिते. जावईबापू परत येतील तेव्हाची तयारी ठेव.

पर्मनंट फौजी पोस्टवरून खाली येतो तो दुसऱ्या छावणीत. भोवती त्याच्यासारखीच माणसं, क्वार्टरमध्ये बायका एकमेकींच्या ओळखीच्या. आपला माणूस शनिवारी रेल्वेतून उतरतो, रविवारी वर्दी ट्रंकेत जाते आणि सोमवारी उसाला पाणी पाजायला उभा राहतो. जे बघून आला ते बोलायला गावात कोणी नसतं. काका त्या 2002 च्या दिवाळीला आले, तेव्हा पोरांनी अंगणात लक्ष्मी तोटा लावला. काका आत होते. आवाज झाला तसे ते दाराच्या चौकटीला पाठ लावून खाली बसले, हात डोक्यावर. तुझी ताई तेव्हा सात वर्षांची. ती धावत आत आली, बापाकडं बघितलं, आणि काही न बोलता त्यांच्या शेजारी तशीच बसली, डोक्यावर हात ठेवून. तिला वाटलं काहीतरी खेळ आहे. त्या दिवसापासून आमच्या अंगणात तोटे वाजले नाहीत, भुईनळे आणि फुलबाज्या तेवढ्या.

जावईबापू पहाटे चारला उठतील, उठू दे. गर्दीत गप्प होतील. तू कळंबोलीतल्या गाड्यांच्या आवाजाला सरावलीस, त्यांना वेळ लागेल. खोदून विचारू नकोस, पण जवळ बस. आणि सहा महिने झाले तरी झोप नसेल, चिडचिड वाढली असेल, तर लाजू नका, डॉक्टरकडं जा. आम्ही गेलो नाही. घरातच सोसलं, आणि त्यातली काही वर्षं काकांची आणि माझी नुसती वाया गेली असं आता वाटतं.

तुला एकटं वाटतं हे मी समजते. छावणीतल्या बायकांना भिंतीपलीकडं मैत्रीण असते. आपली घरं विखुरलेली, एक चंदगडला, एक कागलला, एक तुझ्यासारखी मुंबईच्या खाडीकाठी, आणि एकमेकींना पत्ता नाही. मी गेली चार वर्षं काय करते, तर नुसती शोधत फिरते. एसटीत कुणी बोललं, "आमचे जावई टी.ए.त", की मी गाव विचारून घेते. आता आम्ही अकरा जणी आहोत. महिन्याच्या पहिल्या रविवारी बाजार आटपून देवळाच्या ओवरीत बसतो. प्रत्येकीची वही करून झाली. दोघींच्या पार्ट टू ऑर्डर राहिल्या होत्या, त्या निघाल्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय म्हटलं की आपल्याला वाटतं ते म्हाताऱ्या पेन्शनरांचं, पण नोकरीवर असलेल्या जवानाच्या घराची अडचणही तिथं मांडता येते. आम्ही सगळ्या मिळून गेलो, एकेकटीनं गेलं की बाहेरच्या बाकावरच दिवस जातो. अर्ज दिला, की बोलावणं आलेल्या टी.ए. जवानांच्या घरांची गाववार यादी करा, घरी कोण आहे, किती लहान पोरं आहेत, ते लिहा. तिथल्या ताईंनी एक रजिस्टर काढलं आणि वर ठळक अक्षरात 'प्रादेशिक सेना' असं लिहिलं. सोनू, तो मथळा बघून आमच्यातली एक म्हातारी रडली. तिचा मुलगा नऊ वर्षं टी.ए.त आहे.

तू शिकलेली आहेस, तुला मोबाइलवर सगळं करता येतं. कामोठे, कळंबोली, पनवेल या भागात आपल्याकडची कितीतरी पोरं कामाला आहेत. त्यांत टी.ए.वाली असणारच. जावईबापूंना विचार, त्यांच्या युनिटमधल्या कुणाची घरची माणसं जवळ राहतात. दोघीच भेटल्या तरी चालेल. तुझ्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा, बाळाला कडेवर घेऊन जा. आपलं नाव सांग, आपण टी.ए. जवानाची बायको हे मोठ्यानं सांग.

इकडं सगळं ठीक. काकांचा गुडघा थंडीनं धरलाय, पण रानात जातात. लाल म्हैस व्याली, रेडी झाली. ऊसतोड्यांच्या टोळ्या आल्यात, आपला नंबर डिसेंबर अखेरीस लागेल असं म्हणतात. संकेश्वरी मिरची यंदा महाग आहे, तरी तुझ्यासाठी कांदा-लसूण चटणी कुटलीय, दोन किलोची बरणी, आणि बाळंतिणीला डिंकाचे लाडू. मामाचा मुलगा गुरुवारी रातराणीनं येतोय, त्याच्या हाती देते. पिशवीत तळाशी निळी वही आहे, कोरी. पहिल्या पानावर काकांनी स्वतःच्या हातानं रकाने आखून दिलेत, पट्टी घेऊन, तासभर बसले होते. पुढच्या वर्षीचं कालनिर्णयही ठेवलंय.

जावईबापूंचा फोन आला की सांग, इकडं काही काळजी करण्यासारखं नाही. आणि बाळाच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर निघाली का, ते विचारून मला त्याच रात्री कळव. मी जागी असते.

तुझी,
मावशी